मास्तरांनी लाल गाडी विकली, त्याची गोष्ट

"गाडी विकणं? अगं, डाव्या हातचा मळ!" ड्रिल मास्तर आरशासमोर मिशीला पीळ देत म्हणाले. "गिऱ्हाईक येणार, बघणार आणि घेऊन जाणार. दुपारच्या आत गॅरेज मोकळं!"

"झालंच पाहिजे," बायको म्हणाली. "दुपारी शिवणवर्गाच्या मुली यायच्यात. कापायचं टेबल अंगणात ऊन खात पडलंय. जन्मभर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून लोकांचे कपडे शिवले मी. आता मला माझी हक्काची जागा हवी. आज गाडी गेली नाही ना, तर मी..."

"तर काय करशील?"

"काही नाही. गप्प बसेन."

मास्तरांनी मिशी सोडली. बायको बोलत असली की त्यांना काही वाटायचं नाही. ती गप्प बसली की घराचे वासे हलायचे!

मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, त्यांचा ताठा मात्र अजून नोकरीत होता. गल्लीत कोणी पोक काढून चालताना दिसला की मास्तर त्याला भर रस्त्यात अडवायचे. "पाठ सरळ! इकडे, माझ्याकडे बघा. ही कंबर आहे की स्प्रिंग?"

आणि ती गाडी! लाल, दोनच सीटची, जमिनीला इतकी टेकलेली की मांजरसुद्धा तिच्याखाली शिरताना दोनदा विचार करायचं. जुनी होती, पण चाललेली नावापुरतीच. प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट घासायचं आणि मास्तरांचं काळीज. म्हणून त्यांनी ती बाहेर काढणंच सोडलं. पुसायचे मात्र रोज, न चुकता, आणि तेही फक्त बाहेरून! आत शेवटचं कधी बसलो हे त्यांचं त्यांनाही आठवत नव्हतं. इथेच तर माशी शिंकली.

गिऱ्हाईक म्हणून आले दातांचे डॉक्टर. तरुण, आणि कमालीचे हळवे. दात पेशंटचा काढतात आणि रडतात स्वतः, अशी त्यांची ख्याती!

"वा, काका! काय राखलीय हो! आत बसून बघू का?"

"थांबा, थांबा! आधी मी दाखवतो."

मास्तर आत बसले. बसले कसले, पोत्यातून बटाटे ओतावेत तसे आत ओतले गेले! कमरेत कुठेतरी 'कट्' असा आवाज झाला. पण इंजिन असं काही गुरगुरलं की डॉक्टरांनी टाळीच वाजवली.

"घेतली, काका! सौदा पक्का! आता जरा उतरा, मी बसून बघतो."

"उतरतो की!" मास्तरांनी दाराला हात घालून जोर लावला. वरचा अर्धा मास्तर हलला, खालच्या अर्ध्याने साफ नकार दिला.

आता सांगणार कसं? आणि तेही स्प्रिंगवाल्या माणसाने?

"आधी हा रेडिओ ऐका," मास्तर म्हणाले.

"छान आहे. उतरता ना?"

"हे वायपर बघा!"

"काका, बाहेर ऊन आहे."

"ऊन काय कायमचं असतं? आरसा बघा, आरसा! आई गं!"

डॉक्टर वाकून बघतात तर काय, मास्तरांचा चेहरा पिळवटलेला, डोळ्यांत पाणी, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट आवळलेलं.

"काका, रडताय तुम्ही?"

"छे, छे! घाम आहे तो!"

"कळलं मला." डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला. "पोटच्या लेकीसारखी सांभाळलीत हिला. तुमची ताटातूट करायचं पाप मला नको."

"अहो, न्या हो ती गाडी!"

"तोंड 'न्या' म्हणतंय, काका, हात कुठे सोडताहेत?" असं म्हणून डॉक्टर डोळे पुसत निघाले. फाटकाशी मास्तरांची बायको भेटली, तिला त्यांनी हुंदके देत सगळं सांगितलं.

बायको गॅरेजमध्ये आली. आता आपली खैर नाही, म्हणून मास्तरांनी डोळे मिटून घेतले. पण ती हळूच बॉनेटला टेकली.

"अहो, एवढा जीव होता हिच्यावर, तर एकदा तरी बोलायचं होतं. राहू दे गाडी. मुलींना कळवते मी, वर्ग नाही म्हणून."

तिने गळ्यातली नवी कोरी मापाची टेप काढली आणि सावकाश गुंडाळायला लागली. मास्तरांना कमरेची कळ परवडली, ती गुंडाळी बघवेना.

"अगं, कसला जीव अन् कसलं काय! कंबर धरलीय माझी! उठता येत नाहीये मला!"

मग बायको अशी हसत सुटली की भुईवरच बसली. हसता हसता उठली, फाटकाकडे धावली आणि रस्त्यावर जाऊन ओरडली, "डॉक्टर, मागे फिरा! यांचं मन वळलंय! कंबर तेवढी वळायची राहिलीय!"

झाली ना गल्लीभर दवंडी!

डॉक्टर आले, बाह्या सरसावल्या आणि एकदम वेगळेच दिसायला लागले. "काका, घाबरू नका. काढणं हा आपला रोजचा धंदा. आधी थोडं हलवायचं, मग सैल करायचं आणि मग एकदम ओढायचं. तोंड उघडा."

"तोंड कशाला?"

"सवय हो!"

हलवलं, सैल केलं, ओढलं. मास्तर बाहेर आले, पण आले ते खुर्चीच्या आकारातच! घराच्या पायऱ्या चढणं शक्यच नव्हतं. मग डॉक्टरांनी गाडी रस्त्यावर काढली, बायकोने आणि त्यांनी मिळून अंगणातलं टेबल मोकळ्या गॅरेजमध्ये आणलं आणि त्यावर मास्तरांना पालथं घातलं. डॉक्टर निघाले. कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर 'खर्रर्र' झालं आणि मास्तरांचा हात आपोआप काळजाकडे गेला.

बायको इस्त्रीवर फडकं गरम करून कमरेवर ठेवत होती.

"विकली की नाही दुपारच्या आत?" मास्तर टेबलात तोंड खुपसून म्हणाले.

"विकलीत हो. आता गप्प पडा." तिने टेप पुन्हा गळ्यात अडकवली आणि वर्गासाठी कात्री काढली.

तेवढ्यात मुली आल्या आणि दारातच थबकल्या. गॅरेज लख्ख मोकळं, बाईंच्या गळ्यात टेप, हातात मोठी कात्री आणि टेबलावर आडवे मास्तर.

सगळ्यात पुढची मुलगी घाबरत घाबरत म्हणाली, "बाई, आधी माप घ्यायचं की एकदम कापायचं?"