पोतनीसांची बर्फाची लादी

पोतनीसांच्या घरी पाणी मागायचं म्हणजे जोखीम होती. पाणी मिळायचं, पण प्यायला मिळायचं नाही. काचेचा पेला तोंडापर्यंत जायच्या आत ते तुमचं मनगट धरायचे. "थांबा. हलवू नका." मग समोर उकिडवे बसून, एक डोळा मिटून, त्या पाण्यातून तुमच्याकडे बघत राहायचे. अलीकडून आपल्याला त्यांचा उघडा डोळा दिसायचा, लिंबाएवढा, आणि तोही भलत्याच बाजूला. उन्हाळ्यात एसटीतून भाजून आलेल्या माणसाला घशाला कोरड पडलेली असताना असा डोळा बघायला लागणं ही शिक्षाच. पण पोतनीसांना त्याचं काही नसे. "अहाहा," म्हणायचे, "कडेला बघा कसा काळा धागा आलाय. प्या आता."

दिगंबर पोतनीस हे महाडच्या बाजारपेठेतले चष्मेवाले. मी त्यांच्याच आळीत राहायचो आणि पोलादपूरच्या शाळेत मुलांना चित्रकला शिकवायचो. आठवड्यातून एकदा तेही पोलादपूरला यायचे, एका किराणा दुकानाच्या पडवीत बसून डोळे तपासायचे. त्या दिवशी आम्ही एकाच एसटीने जायचो.

गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "पहिलं बरं का दुसरं?" असं विचारण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते वाक्य मग जिभेवरून उतरेनाच. केळीवाल्यासमोर दोन फण्या धरून स्वतःलाच विचारायचे, "पहिलं बरं का दुसरं?" पुतणीला दोन स्थळं सांगून आली तेव्हा दोन्ही मुलांचे फोटो टेबलावर ठेवून त्यांनी तिला हेच विचारलं आणि ती रडायला लागली. पोलादपुरात डोंगरावरच्या गावातला एक म्हातारा बराच वेळ ही भिंगांची अदलाबदल सोसत बसला होता. शेवटी तो म्हणाला, "दोनी बरीच हायत रे बाबा. तू नको जिवाला लावून घेऊ."

दोन हजार सालच्या आसपास त्यांनी कॉम्प्युटर घेतला. दुकानाची बिलं करायला, असं सांगितलं. बिलं शेवटपर्यंत हातानेच होत राहिली. त्यांच्या पनवेलच्या भाच्याने त्यांना एक सीडी आणून दिली होती. तिच्यातल्या प्रोग्रॅमने म्हणे खोटी वस्तू खरी वाटेल अशी काढता यायची. पोतनीसांनी डिक्शनरी घेतली, जाडजूड इंग्रजी पुस्तक घेतलं आणि समोरच्या खोलीत ठाण मांडलं. त्यांना काढायचा होता पाण्याचा एक पेला. आत बर्फाचा खडा.

"तुम्ही चित्रकलेचे," ते मला म्हणाले. "खोटं दिसलं की सांगायचं. भीड धरायची नाही."

पहिला पेला डांबरासारखा काळा आला. आम्ही दोघं बघतच राहिलो. मग त्यांनी पुस्तकातून कारण शोधून काढलं. "मास्तर, जगात उजेड वस्तूवरून निघून डोळ्यात येतो. इथे उलटं आहे. डोळ्यातून किरण निघतो आणि चाचपडत जातो, कुठे काय आहे ते बघत. काचेत शिरला, वाकला, पाण्यात शिरला, पुन्हा वाकला. किती वेळा वाकायचं हे आपण नाही सांगितलं तर तो आतच दमतो आणि मरतो. मेला की काळं."

हे सगळं ते इतक्या शांतपणे सांगत की माझ्या अंगावर काटा यायचा.

चित्र पडद्यावर वरून खाली एकेक रेघ उमटत यायचं. सकाळी सुरू केलं तर दुपार कलताना टेबलापर्यंत पोचायचं, आणि तेवढ्यात लोडशेडिंग. पडदा काळा. पोतनीस चिडत नसत. पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरुवात. पाणी काचेला बरोबर टेकवलं तर मध्ये हवेचं कातडं दिसतं, म्हणून पाणी काचेच्या अंगात थोडं घुसवायचं, हे त्यांना असंच कधीतरी सापडलं. बर्फाने मात्र छळलं. "स्वच्छ बर्फ पाण्यात टाकला की जवळपास नाहीसाच होतो," ते म्हणायचे. "दिसतो तो त्याच्या पोटातला पांढरा ढग. तोच मला जमत नाहीये."

एका रविवारी गेलो तर पडद्यावर पेला नव्हताच. खोली होती. लोखंडी गज असलेली खिडकी, कोपऱ्यातलं शिलाई मशीन, दोन वेताच्या खुर्च्या. आम्ही बसलो होतो तीच खोली. खिडकीतून उन्हाची तिरीपसुद्धा तशीच, त्याच फरशीवर.

"काचेचा पेला नुसता काढून दिसत नाही," पोतनीस म्हणाले. "त्याला दाखवायला भोवती घर लागतं. म्हणून घर केलं."

"माणसं?"

"माणसं मला येत नाहीत."

मी बसलो होतो ती खुर्ची पडद्यावर रिकामी होती. मी नकळत खुर्चीचा हात घट्ट धरला. त्याच वेळी पोतनीसांच्या पत्नी निर्मलावहिनी चहा घेऊन आल्या. "घ्या भाऊजी," त्या म्हणाल्या, पण बघत होत्या माझ्या खांद्याच्या मागे. मी वळून पाहिलं. मागे कुणीही नव्हतं, नुसती भिंत.

हे हल्ली बऱ्याचदा व्हायचं. वहिनी हसतमुख, गप्पिष्ट बाई. पण बोलताना त्यांची नजर तुमच्या शेजारी जाऊन बसायची, जणू तुमच्याबरोबर आणखी कुणी आलंय आणि तोच त्यांच्या जास्त ओळखीचा आहे. भर दुपारी दारात उभं राहिलं तरी "कोण?" म्हणायच्या. आवाज दिला की मग "अगंबाई, तुम्ही होय." आळीतल्या बायकांनी त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जाणं कमी केलं होतं. "त्यांना काहीतरी दिसतं," असं माझी बायकोच दबक्या आवाजात म्हणाली.

आणि मग ती लादी आली.

श्रावणातली सकाळ होती. शाळेला सुट्टी. मासळी बाजाराकडून हातगाडी आळीत शिरली, तिच्यावर भुशात गुंडाळलेली बर्फाची अख्खी लादी, आणि मागून पोतनीस, मान खाली घालून. गाडी त्यांच्या दारात थांबली. दोघांनी लादी आत नेली. दार बंद झालं.

आमच्याकडे घरात अख्खी लादी कशासाठी जाते हे कुणाला सांगावं लागत नाही. समोरच्यांनी रेडिओ बंद केला. बायका पदर सावरत पायऱ्या उतरल्या. वहिनी दोन दिवस कुणाला दिसल्या नव्हत्या, हे सगळ्यांना एकदमच आठवलं. कोपऱ्यावरचे सोनार तर उपरणं घेऊनच आले आणि म्हणाले, "पोतनीसांचा मुंबईचा भाऊ आहे ना? त्याला फोन केला का कुणी?" मी पुढे होऊन कडी वाजवली.

दार निर्मलावहिनींनीच उघडलं.

माझ्या मागे कुणीतरी किंचाळलं. वहिनी उंबऱ्यात उभ्या, कपाळावर कुंकू, हात पिठाचे. गर्दीकडे तोंड, पण बघत होत्या गर्दीच्या पलीकडे.

"एवढी माणसं?" त्यांनी विचारलं. "कोण गेलं हो?"

सोनारांनी उपरणं पाठीमागे लपवलं. "कुणी नाही, कुणी नाही," म्हणत एकेक जण पांगला. मी तेवढा आत गेलो.

खोलीत अर्धा अंधार केला होता. लादी दोन स्टुलांवर लांब कडेवर उभी केलेली, खाली घमेलं, त्यात पाणी टपटपत होतं. लादीपलीकडे पोतनीसांचा चेहरा होता. चेहरा म्हणजे, दोन कान नीट दिसत होते, आणि मध्ये जिथे नाक डोळे असायचे तिथे पांढरा धूर.

"मास्तर," त्या धुरातून आवाज आला, "मी कसा दिसतो?"

"पोतनीस, तुम्ही आधी बाहेर या."

ते बाहेर आले. बाहीने कपाळ पुसलं. स्वयंपाकघरातून पोळपाटाचा आवाज येत होता, तरी ते हळू बोलले. "हिला मधलं दिसत नाही. वर्ष होऊन गेलं. मुंबईला मोठ्या डॉक्टरांना दाखवून आलो. म्हणाले, डोळ्याचा पडदाच झिजलाय, चष्म्याने काही व्हायचं नाही. मी विचारलं, काय दिसतं गं तुला? म्हणाली, बर्फाच्या लादीतून बघितल्यासारखं. कडेकडेचं दिसतं, तुमचं तोंड नाही." त्यांनी ओल्या लादीवर हात ठेवला. "सगळ्या तालुक्याला विचारत बसतो, काय दिसतं, काय दिसतं. घरातलं माणूस काय बघतंय ते मला कळू नये?"

वहिनी दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण त्या सहज म्हणाल्या, "आणि त्या पांढऱ्यात कधीकधी माणसं येऊन बसतात, ते नाही सांगितलंत भाऊजींना?"

"कोण माणसं?" मी विचारलं.

"ओळखीची नाहीत. टोप्या घालून बसतात. बोलत नाहीत." त्या हसल्या. "डॉक्टर म्हणाले, भ्यायचं नाही. डोळ्याला दिसायचं बंद झालं की मन आपलं काहीतरी आणून बसवतं. पहिल्यांदा फार भ्याले मी. आता म्हणते, बसा बापडे."

मला त्या भिंतीकडे बघवेना.

पुढे कितीतरी दिवस पोतनीस त्या बर्फामागे लागले. त्याच्या आतल्या भेगा, बारीक बुडबुडे, मधला ढग, कडेचा आरपारपणा. मला दोन चित्रं दाखवायचे, मी एकावर बोट ठेवायचो, ते मान हलवून पुन्हा सुरू करायचे. दिवाळीनंतर एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. पडद्यावर तीच खोली होती, पण लादीतून दिसणारी. खिडकीचे गज लख्ख, वाळत घातलेला पंचा लख्ख, शिलाई मशीनचं चाक लख्ख. आणि मध्ये, वहिनींच्या समोरची पोतनीसांची खुर्ची होती तिथे, पांढरं. खरं सांगतो, इतका खरा बर्फ मी खऱ्या बर्फातही पाहिला नव्हता.

वहिनींना समोर बसवलं. त्यांनी पक्ष्यासारखी मान तिरकी केली, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. पोतनीस श्वास रोखून उभे.

"हो," वहिनी म्हणाल्या. "असंच. अगदी असंच."

पोतनीसांनी चष्मा काढला आणि तो पुसायला म्हणून आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

मी निघालो तेव्हा वहिनी पायरीपर्यंत आल्या. "तसं मुळीच दिसत नाही हो भाऊजी," त्या हलकेच म्हणाल्या. "मी बर्फ म्हणाले, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. ते पांढरंही नाही, काळंही नाही. तुम्हाला तुमच्या डोक्यामागे काय दिसतं? काही नाही ना? तसं."

"मग हो का म्हणालात?"

"किती दिवस बसायचं त्यांनी त्या डब्यासमोर? डोळे जातील त्यांचे."

पुढच्या रविवारी गेलो तर खोलीतलं काहीतरी बदललं होतं. पोतनीसांची खुर्ची वहिनींच्या समोर नव्हती. त्यांनी ती ओढून कडेला नेली होती, खिडकीच्या गजांपाशी, जिथे चित्रात सगळं लख्ख होतं. वहिनी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि पोतनीस त्यांच्या डावीकडे, त्यांच्याकडे तोंड करून, अवघडून, फोटो काढायला बसल्यासारखे. कॉम्प्युटर बंद होता. वहिनी तांदूळ निवडत होत्या, बोटांनीच.

मग वहिनींनी मान न वळवता म्हटलं, "हनुवटीखाली दाढी राहिलीय तुमची. डाव्या अंगाला."

पोतनीसांनी हनुवटी चाचपली. माझ्याकडे बघितलं. मग उठले आणि चार वाजता, मी बसलेला असताना, दाढी करायला आत गेले.