एकोणपन्नास रुपयांचे मामा

निकिताच्या लग्नाला आठ दिवस उरले होते आणि सोनईचे श्रीमंतमामा रुसले होते. आता मामा रुसणं ही निकिताच्या केडगावच्या घरात काही नवलाची गोष्ट नव्हती. साखरपुड्यात तर चहा कोमट मिळाला म्हणून ते अर्ध्यातूनच उठून परत निघाले होते. पण या वेळचं कारण जगावेगळं होतं. मामा मोबाईलमधल्या खेळावर रुसले होते, आणि तो खेळ केला होता त्यांच्या सख्ख्या भाच्याने, निकिताच्या भावाने, हर्षलने.

हर्षल गच्चीवरच्या खोलीत एकटाच बसून मोबाईलवरचे खेळ बनवायचा. वर्षभर डोळे फोडून त्याने 'मुहूर्त' नावाचा खेळ तयार केला. खेळणारा म्हणजे नवरीचा भाऊ. त्याने बॅन्ड थांबवायचा, पुढाऱ्यांचे सत्कार आवरायचे, अक्षता वाटायच्या आणि लग्न वेळेवर लावायचं. खेळ फुकट होता. लोक खेळत होते, पोट धरून हसत होते आणि हर्षलच्या हातात छदाम पडत नव्हता. मग त्याने वरून एक भाग जोडला, 'रुसलेले मामा', आणि त्याला एकोणपन्नास रुपये लावले. या मामांची टोपी तिरकी होती. ते भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि म्हणायचे, "आमाला काय, आमी बाहेरचेच." हे मामा कोण, हे सोनईत कुणालाही विचारावं लागलं नाही.

आपण नक्कल केली म्हणून मामा चिडले असणार, असं समजून हर्षलने माफी मागायला फोन लावला.

"नक्कल कर की! झ्याक केली हाय म्हनत्यात," मामा म्हणाले. "पन मला येक सांग, त्या खेळात भटजी फुकट?"

"हो."

"आन् घोडी?"

"घोडीपण फुकट."

"घोडी फुकट दिसती आन् मामाला कुलूप?"

"मामा, मूळ खेळ फुकट आणि वरचं विकत, सगळे असंच करतात. मलाही पोट आहे ना!"

"मामाबिगर लगीन लागतं का?"

"नाही लागत."

"मग मामा मुळातलाच झाला की! वरचा कसा? न्हाई, मी काय लग्नाला येत न्हाई. आमी बाहेरचेच!"

फोन कट झाला. हर्षलच्या आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अरे, निकिताला बोहल्यावर आणणार कोण? माझा एकुलता एक भाऊ आहे तो! जाळ मेले ते तुझे एकोणपन्नास रुपये!"

आईच्या डोळ्यांपुढे कोणाचा धंदा टिकतो? हर्षलने त्याच संध्याकाळी मामांना फुकट करून टाकलं. आदल्या दिवशी पैसे भरलेल्यांनी लगेच खेळाला एकेक तारा देऊन त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. ते त्याने मुकाट्याने सोसलं. पण राहात्याचे सुहासराव, म्हणजे निकिताचा होणारा नवरा, भलताच चांगला माणूस. होणाऱ्या मेव्हण्याचा खेळ म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी मामा विकत घेतले होते. त्यांनी आनंदाने सोनईला फोन केला, "मामा, अभिनंदन! आजपासून तुम्ही सगळ्यांना फुकट!"

पाचव्या मिनिटाला हर्षलचा फोन वाजला.

"काल एकोनपन्नास, आज शून्य! अरं, कांद्याचा भावबी असा पडत न्हाई येका रातीत! गावात तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई तू!"

"मामा, मग पैसे घेऊ का नको, तुम्हीच सांगा."

"ते मी कशाला सांगू? बाहेरच्या मानसाला इचारतं का कुनी?"

हर्षलने कपाळावर हात मारला आणि मामांना पुन्हा एकोणपन्नासवर नेऊन ठेवलं.

लग्नाच्या दिवशी राहीबाई मामींनी नवऱ्याला कसंबसं टेम्पोत घालून आणलं. पण कार्यालयात पोचताच मामा खोलीत शिरले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. मुहूर्त बारा पस्तीसचा. हर्षलचे वडील नवी टोपी घेऊन आत गेले आणि टोपी घेऊन परत आले. आई हातापाया पडून आली. माईकवरून तीनदा पुकारा झाला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे!" मामा काही हललेच नाहीत. बारा पंचवीसला हर्षल खोलीकडे धावला.

आत मामा भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि मोबाईलमध्ये डोकं घालून कुणावर तरी खेकसत होते.

"ऊठ की मर्दा! टोपी दिली, सरबत दिलं, पाया पडलो तुझ्या, आजून काय पायजे तुला? पोरगी खोळंबलीय तिकडं! ह्या वयात शोभतं का हे?"

हर्षलने डोकावून पाहिलं. मामांनी स्वतःच्या खिशातून एकोणपन्नास रुपये भरून 'रुसलेले मामा' घेतले होते. पडद्यावरचे मामा शांतपणे म्हणाले, "आमाला काय, आमी बाहेरचेच."

"लई आडमुठा हाय रे हा!" मामा रडकुंडीला आले होते. "हर्षल्या, ह्याला उठवायचा तरी कसा?"

"नवरीला पाठवायचं, मामा. बाकी कशानंही उठत नाही तो." हे बोलताना हर्षलची स्वतःचीच जीभ अडखळली. आठ दिवस तो भाव वरखाली करत बसला होता आणि आपणच लिहिलेला उपाय साफ विसरला होता.

तेवढ्यात दार उघडलं. शालू सावरत निकिताच उभी होती.

"मामा, मी एकटीच जाऊ का?"

मामांनी मोबाईल बघितला, भाची बघितली. मग ते उठले, टोपी सरळ केली आणि तिचा हात धरून म्हणाले, "येकटी कशाला जाशील? मी काय बाहेरचा हाय का?"

बारा पस्तीसला अक्षता पडल्या.

पंगतीत मामांनी दोन जिलब्या जास्त घेतल्या आणि हर्षलला जवळ बोलावून निकाल दिला. "पैसे घेत जा तू. मामाला उठवनं सोपं न्हाई, घाम निघतो. फुकटात कुनाला त्याची किंमत कळायची न्हाई."

शेजारी बसलेल्या राहीबाई मामींनी घास हातातच थांबवला.

"आन् पोरा, मामा उठवला की खेळनाऱ्याला काय मिळतं त्यात?" त्यांनी हर्षलला विचारलं. "म्हंजी मला तीस वर्सांचं थकलेलं घ्यायचं हाय."