फ्रीझरपलीकडचं बेळगाव

सातासमुद्रापार आमच्या नेपरव्हिलमध्ये वसंतकाका चौगुल्यांच्या बेसमेंटमध्ये उतरायचं तर प्लॅटफॉर्म तिकीट लागतं. ते वर स्वयंपाकघरात काका देतात आणि खाली जिना संपला की काकाच तपासतात. एकदा ऐन बर्फात घर गरम ठेवणारी फर्नेस दुरुस्त करायला आलेला माणूस तिकीट वरच विसरला. त्यालाही परत पाठवला, पठ्ठ्यानं! "रेल्वे आहे ही, रिक्षा नव्हे," हे काकांचं ठरलेलं वाक्य.

खाली मिरज-बेळगाव पॅसेंजर धावते. हातभर लांब, काकांनी स्वतः रंगवलेली. मिरज वॉशिंग मशीनपाशी, बेळगाव फर्नेसपाशी आणि मध्ये काकूंचा डीप फ्रीझर. काका मूळचे बेळगावचे, तेव्हा बेळगाव महाराष्ट्रात, हे सांगायला नकोच. पण मागच्या गल्लीतले हिरेमठकाकाही बेळगावचेच, आणि त्यांचं बेळगाव कर्नाटकात, हेही सांगायला नको.

मग दर शनिवारी जमिनीवर सीमेची निळी चिकटपट्टी लागायची. हिरेमठ ती मिरजेकडे ओढणार, काका फर्नेसकडे. "चौगुले, बॉर्डर इल्ली, इथे, इल्ली!" "काय करूलैस रे? सोड ती पट्टी!" दोघं सत्तरीपुढचे, दोघांचे गुडघे बदललेले, आणि दोघं रांगतायत! माझी मुलगी म्हणाली, "काका, इट्स अ टॉय ट्रेन!" तिचं तिकीट जागच्या जागी रद्द झालं.

शेवटी काकूंनी तह केला. सीमा फ्रीझरच्या बरोबर मध्यावर. आणि फ्रीझरपाशी गाडी थांबणार, तिथून पुढे न्यायची तर दोघांचे अंगठे एकाच बटणावर हवेत. कबूल नसेल तर कुंदा बंद. बेळगावच्या माणसाला कुंदा बंद म्हणजे संपलंच की! तेव्हापासून ते दोघं अंगठ्याला अंगठा लावून, एकमेकांना यथेच्छ शिव्या घालत गाडी बेळगावला पोचवायचे आणि मग एकाच वाटीतून कुंदा खायचे.

या हिवाळ्याआधी हिरेमठकाका मुलीकडे लांब फ्रीमाँटला राहायला गेले. मी आपला थट्टेत म्हणालो, "चला काका, सगळं बेळगाव तुमचं!" काका पाठ फिरवून डबे पुसत बसले. मला उगाच जीभ चावावीशी वाटली.

परवाच्या शनिवारी तिकीट काढून खाली गेलो, तर गाडी फ्रीझरपाशी उभी. डब्यांवर धूळ.

"अहो, न्या ना पुढे."

"एका अंगठ्यावर? रेल्वे आहे ही."

"मग माझा घ्या."

काकांनी माझा अंगठा उलटसुलट पाहिला. "तू कोथरूडचा. तुझा काय संबंध?"

मला रागही आला, हसूही आलं. म्हटलं, थांबा, व्हिडिओ कॉल लावू. हिरेमठकाका तिकडून स्क्रीनवर अंगठा ठेवतील, तुम्ही इथून बटण दाबा. काकांनी बराच विचार केला. "चालेल," म्हणाले. "तार यंत्रणा समजू."

मी फोन तांदळाच्या पिशवीला टेकवून उभा करतोय, तर काका कण्हत खाली वाकले. फ्रीझरपाशी लावलेली निळी पट्टी उचकटली आणि थेट फर्नेसच्या पलीकडे नेऊन चिकटवली. अख्खं बेळगाव गिळलं!

"काका, हे चूक आहे हं. सीमा फ्रीझरपाशी ठरली होती."

"ठाऊक आहे मला." काका शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत राहिले. "फोनवर नुसतं 'बरं आहे, बरं आहे' म्हणतो रे तो. मेल्यासारखा हळू बोलतो. त्याचं बेळगाव मी घेतल्याशिवाय तोंड उघडायचा नाही."

फोन लागला. हिरेमठकाकांचा थकलेला चेहरा दिसला. त्यांनी डोळे बारीक केले, चष्मा वर सरकवला.

"चौगुले! लाज नाही वाटत? इल्ली! बॉर्डर इल्ली!"

"आला," काका म्हणाले आणि डोळे पुसून बटणावर अंगठा ठेवला.