निवडुंगाला लावलेला कान

फ्रिज दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कुरकुरणाऱ्या फ्रिजला नुसता कान लावला की दुखणं कळतं, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. त्यामुळे धाकट्या लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या सासूबाईंनी अंगणातल्या कुंडीतला निवडुंग त्याच्या बायकोला सोडून त्याच्या हवाली केला, तेव्हा त्याची छाती फुगली. तो निवडुंग सासऱ्यांनी लावलेला. ते गेल्यापासून सासूबाई रोज त्याच्याशी चार शब्द बोलत. आणि धंदा बसला होता तेव्हा याच बाईने वाकडा शब्द न बोलता जावयाला घरात ठेवून घेतलं होतं. आता या उपकारांची फेड करायचीच, असं त्याने ठरवलं.

फेड म्हणजे पाणी. सकाळी बादली, संध्याकाळी बादली. थोड्याच दिवसांत निवडुंग पिवळा पडून एका अंगाला कलला. त्याने निदान केलं : तहान! बादल्या वाढल्या. तरी उतार पडेना, तेव्हा सवयीने त्याने निवडुंगाला कान लावला.

मग बराच वेळ बायको चिमट्याने त्याच्या कानातले काटे उपटत बसली. आत काय ऐकू आलं, असं तिने गंभीरपणे विचारलं. स्वतःचंच ओरडणं, तो म्हणाला. तिने चमच्याच्या दांड्याने बुंधा दाबून पाहिला. लोण्यात जावा तसा दांडा आत गेला. दोघांनी कुंडी कलती केली, तर खालून थेंबही निघेना.

इथे मात्र त्याची ट्यूब पेटली. "अगं, खालचं भोक तुंबलंय. पाणी आतच साचलंय!" फ्रिजमध्ये तो हेच रोज बघायचा. रोग सापडला; पण रोग आपणच, हे कळायला आणखी एक क्षण लागला. त्याचे डोळे भरून आले. निदान ते पाणी तरी कुंडीत पडू देऊ नकोस, असं बायकोने बजावलं. मग कुजका भाग कापून वरचा हिरवा शेंडा त्यांनी सावलीत ठेवला आणि काप सुकल्यावर कोरड्या वाळूत रोवला. त्यानंतर बायको त्याला कुंडीजवळ फिरकू देईना.

सासूबाई परतल्या तेव्हा कमरेएवढा निवडुंग वीतभर उरला होता, पण त्याला नवा कोंब फुटला होता. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. सासूबाईंनी कोंबाला हलकेच बोट लावलं.

"वाचवलात हो. यांची एवढीच आठवण होती. तुमचे उपकार कसे फेडू?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "उपकार तुमचे, आई. हिला सोडून माझ्यावर विश्वास टाकलात."

"टाकणारच," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "हिने न चुकता रोज पाणी घातलं असतं. म्हटलं, जावईबापू विसरणार म्हणजे विसरणार!"