भेग

"बाहेरची भिंत फाटली!" भाजीची पिशवी दारातच टाकून वडील ओरडले आणि मुलगी काही बोलायच्या आत त्यांनी घरमालकांना फोनही लावला.

भिंत फाटली नव्हती. एरवी कागदावर शाईने चित्रं काढणारी त्यांची मुलगी पहिल्यांदाच भिंतीकडे वळली होती. घरमालकांची परवानगी काढून, सकाळभर स्टुलावर उभी राहून तिने जोत्यापासून खिडकीपर्यंत बारीक कुंचल्याने एक भेग काढली होती. कडेला सावली, मधेच सुटलेला पोपडा, सगळं शाईचं. संध्याकाळी भित्तिचित्र स्पर्धेच्या परीक्षक बाई येणार होत्या. त्यांना पसंत पडलं, तर तिला गावातल्या मोठ्या भिंती रंगवायला मिळणार होत्या.

"बाबा, ते माझं चित्र आहे!"

"चित्रात काहीतरी असतं गं. फूल असतं, पक्षी असतो. ही नुसती भेग आहे."

तेवढ्यात घरमालक स्कूटरवर गवंड्याला घेऊन हजर झाले.

"काका, तुम्हीच परवानगी दिली होती ना?"

"चित्राला दिली होती. कुठाय चित्र?"

"हे काय!"

"माझं घर चिरलंय आणि हिला थट्टा सुचतेय!"

गवंड्याने भेगेवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "हाताला लागत नाही. म्हणजे आतून आहे. असलीच वाईट."

"मिस्त्री, हाताला लागत नाही, कारण ती शाई आहे!"

"मग पुसून दाखव."

तिने ओलं फडकं आणून घासघास घासलं. पावसापाण्याला दाद न देणारी शाई तिने मुद्दाम शोधून आणली होती. ती कसली जातेय! भिंत भिजली तशी भेग आणखीच ठसठशीत झाली.

"बघा, वाढली," गवंडी म्हणाला.

मुलगी संतापाने हात पसरून भिंतीपुढे उभी राहिली. "आधी मला फोडा!"

"अगं, अंगावर पडेल!" वडिलांनी तिला दंडाला धरून ओढलं. हातोडा बसला. चित्र ढपल्याढपल्यांनी खाली आलं. आत विटा ठणठणीत होत्या.

"म्हणजे चित्रच होतं की!" ढिगाऱ्याकडे बघत वडील म्हणाले. "फार छान काढलं होतंस हं."

तिने खाली वाकून एक ढपला उचलला. तेवढ्यात कर्रकन आवाज झाला. इतका वेळ ठोके खाल्लेली भिंत खिडकीच्या पलीकडे उकलली आणि खरीखुरी भेग सरसर वर छपरापर्यंत गेली. नेमक्या त्याच वेळी परीक्षक बाई आल्या.

"अहाहा! काय रेषा आहे! कुठे हात थरथरला नाही."

"बाई, ही मी काढलेली नाही. माझी यांनी फोडली. ही खरी आहे!"

"आणि खाली हा ढिगारा मांडायची कल्पना!"

"अहो, खरंच खरी आहे!" वडीलही कळवळून म्हणाले.

"पाहणाऱ्याला तसंच वाटायला हवं," बाई म्हणाल्या. "तुझी निवड झाली. रविवारी आमच्या कचेरीची भिंत घे. अगदी अश्शीच हवी. या तुझ्या आराखड्यात काढलीयस तसली गुळगुळीत नको."

गुळगुळीत! बाईंच्या हातात तिने अर्जासोबत दिलेला कच्चा आराखडा होता. बाई निघून गेल्या तरी मुलगी तिथेच धुमसत उभी होती. मग ती तरातरा गवंड्याकडे गेली. तो बादलीत हात धूत होता.

"मिस्त्री, रविवारी मोकळे आहात?"

"आहे की. हातोडा हाच आणू, की मोठा?"