कब्रस्तानाचे म्हात्रेकाका

आमच्या विचुंब्याच्या सोसायटीत जुना टूथब्रश कचऱ्यात टाकायची कुणाची हिंमत नाही. दर रविवारी सकाळी म्हात्रेकाका बेल वाजवतात आणि विचारतात, "काय, झिजला का?" आपण तोंडात फेस घेऊन दारात उभे, आणि त्यांची नजर ब्रशवर.

हे ब्रश जातात पनवेलच्या जुन्या ज्यू कब्रस्तानात. तिथल्या थडग्यांवरची शेवाळलेली मराठी आणि हिब्रू अक्षरं काका घासतात. पगार नाही, मान नाही, कुणी बोलावणंही धाडलेलं नाही. कब्रस्तानाच्या कमिटीतलं कुणीतरी एकदा 'बरं' म्हणालं, तेवढ्यावर गडी सात वर्षं खपतोय. ॲसिड वर्ज्य, तारेचा ब्रश वर्ज्य. "दगडाला बी कातडी हाय," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मी एकदा कपड्यांची पावडर सुचवली, तर त्यांनी अशा नजरेने पाहिलं, जणू एखाद्या दगडाखाली माझीच सोय करायची आहे.

जिवंत माणसांत मात्र त्यांना रस नाही. जोशींना अजून 'ओ तीनशेदोन' म्हणतात. आणि लिफ्टमध्ये सगळ्यांना ऐकवतात, "रिबेकाबाय झाली सोच्छ, उद्या सॉलोमनभाऊंना घेतो!"

गेल्या महिन्यात बादली उचलायला त्यांनी मलाही ओढून नेलं. ठाण्याहून एक आजी आल्या होत्या. त्यांनी आईच्या थडग्यावर एक खडा ठेवला. काकांनी लगेच तो उचलला. "ओ बाय, कचरा नाय करायचा! मी कालच झाडलंय."

"अहो, कचरा कसला?" आजी म्हणाल्या. "आमच्यात फुलं वाहत नाहीत, खडा ठेवतात. कुणीतरी भेटून गेलं, त्याची खूण. मी दर वर्षी ठेवते आणि पुढच्या वर्षी तो नसतो. मला वाटायचं, माकडं नेतात."

सात वर्षं! या गृहस्थांनी इमानेइतबारे लोकांच्या भेटी झाडून भिंतीपलीकडे फेकल्या होत्या. मला हसू आवरेना. काकांनी मात्र आजींचे पाय धरले.

"उठा हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही घासलंत म्हणून आईचं नाव वाचता येतंय मला."

आजी गेल्या. काका भर उन्हात भिंतीमागच्या गवतात उकिडवे बसून खडे वेचायला लागले. कुठला खडा कुणाचा, हे देवालाच ठाऊक!

"काका, चला आता. सगळे खडे सारखेच."

"गप रे. कोन कोन लांबून आलं असंल."

दुपार होईपर्यंत प्रत्येक थडग्यावर एक खडा ठेवून झाला. हातात एक उरला.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

काका तो अंगठ्याने पुसत राहिले. "आमच्या मंडळीची राख उरनला दर्यात सोडली. ना दगड, ना नाव. मी भेटाया कुठं जाऊ?"

माझ्या जिभेवर आलेली तिरकस कोटी मी गिळली. लाज वाटली. इतकी वर्षं शेजारी राहून एक साधी गोष्ट विचारली नव्हती, ती आता विचारली. "काकूंचं नाव काय होतं?"

"हिरा," काका म्हणाले आणि त्यांनी खडा मुठीत घट्ट धरला. "ती गेल्यापासून आठ वर्सांत कोनी इचारलं नाय रे."