पयले पोतं, मंग माणूस

बापूराव वानखडे आमच्या घरी आले की खुर्चीवर आधी वाळूचं पोतं बसतं, मग बापूराव. अर्धं भरलेलं हे पोतं त्यांच्या स्कूटरवर कायम असतं. "पयले पोतं, मंग माणूस, वैनी. धंद्याचा नियम हाय." माझ्या थोरल्याच्या लग्नात नवरदेवाच्या खुर्चीवरही ते आधी बसलं. अल्बममधला पहिला फोटो तोच. पोतं नवरदेवापेक्षा बरं आलंय.

बापूराव जत्रेतले पाळणे बनवतात; नव्या पाळण्यात आधी पोतं फिरवून बघायचं, मगच माणूस बसवायचा. राजापेठेत आमच्या भिंतीला लागून त्यांचं वर्कशॉप. जन्मभर दुसऱ्यांचे पाळणे वेल्डिंग केले, आणि यंदा पहिल्यांदा स्वतःचा उभारला, अकोल्याच्या मेळ्यासाठी. आठ डब्यांचा. पोरांना कार्टून लागतात म्हणून टीव्हीवरचा एक नावाजलेला उंदीर आठही डब्यांवर रंगवला.

तपासणीत पाळणा पास झाला, उंदीर नापास. मेळ्याच्या ऑफिसात विचारलं, "या चित्राचं परवानगीपत्र?"

"टीव्हीवर तं फुकट दिसते ना जी!"

"दिसू द्या. डब्यावर लावायला मालकाचं पत्र लागतं. चार दिवसांत आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला."

त्या संध्याकाळी बापूराव आले आणि पोत्याशिवाय थेट खुर्चीत बसले. मी गॅस बंद केला. प्रकरण गंभीर होतं.

त्यांनी खिशातून कॅलेंडरचं पिवळं पडलेलं पान काढलं. मागे पेन्सिलीनं काढलेला बगळा. मान हातभर, चोचीत पाना.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ते माझंच काम! तेव्हा मी विशीतली नवी नवरी. शाळेत रांगोळीत दुसरा नंबर आला होता म्हणून स्वतःला थोर कलावंत समजायची. स्पर्धेत दोघीच होतो, हे सासरी सांगितलं नव्हतं. बापूराव भिंतीवरून मान काढून "भाऊ हाय काय घरी?" विचारायचे, म्हणून हा बगळा काढून मी हळदीकुंकवाला भिंतीवर डकवला. सगळ्यांत जास्त हसली ती त्यांची बायको, शांता. जाताना पान मागून घेऊन गेली.

"तिच्या पेटीत सापडलं," बापूराव म्हणाले. "माह्यावर रागावली की हे काढून पाहे अन् हासे. याच्या मालकीण तुमी. सही देता काय?"

मी वहीच्या पानावर लिहून दिलं: माझा बगळा बापूरावांना वापरायला देत आहे. अट एकच, मान आखूड करायची नाही.

"आखूड कावून करन? मापातच हाय."

ऑफिसानं शिक्का मारला. अकोल्याच्या मैदानात उंदरांच्या जागी आठ बगळे टांगले गेले; बघायला मीही गेले. पोतं आठही डब्यांतून फिरून आलं. मग बापूराव स्वतः चढले, आणि पोतं समोरच्या बाकावर ओढून घेतलं.

"आता कशाला ते? तपासून झालं ना?" मी विचारलं.

"सामने वजन लागते वैनी. एकट्यानं बसलं की डबा कलते." त्यांनी पोत्याची गाठ उगाच घट्ट केली. "पोतं उतरलं की सामने शांता बसे. ती गेल्यापासून हेच."

मी पदर खोचला, पोतं खाली ढकललं आणि चढले.

"वैनी, गुडघे?"

"पोतं झालं ना? आता माणूस."

पाळणा वर गेला. टोकावर बापूरावांनी मान लांब करून पार स्टेशनापर्यंत बघून घेतलं. म्हणाले, "इथं आलं की शांता डोळे मिटे."

मी मिटले नाहीत. खाली मैदानात पोतं एकटंच बसलं होतं.